कादंबरीचा पट आणि संगणकावरचा तक्ता: पहिल्या टिपणापासून अखेरच्या खर्ड्यापर्यंत

गोदाबाई पंढरपूरहून परत आल्या आहेत. बुक्क्याची पुडी आणि लाह्या-बत्तासे देवघरात ठेवून त्या टेकतात न टेकतात, तोच मुठेचं पाणी नारायण पेठेतल्या वाड्यात शिरतं. पानशेतच्या पुराचा हा प्रसंग मी आठ पानं लिहिला होता. मनापासून लिहिला होता, आणि तो मुळातच चुकला होता.

पूर आला १२ जुलै १९६१ला. आषाढी एकादशी जुलैच्या पहिल्या आठवड्यात होऊन गेली असेल असं मी धरून चालले होते. प्रसंगांचा तक्ता केला, त्यात तिथीचा रकाना घातला आणि जुनं पंचांग उघडलं, तेव्हा कळलं की त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. म्हणजे सगळे सण पुढे सरकलेले. पूर आला तो निज ज्येष्ठ वद्याच्या अखेरीस, अमावास्येच्या तोंडावर. एकादशीला अजून दहा-अकरा दिवस होते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. त्या हिशेबाने गोदाबाई पुराच्या दिवशी सासवड-जेजुरीच्या पुढेमागे, दिंडीत चालत असायला हव्या होत्या. आपलं घर उरलेलं नाही हे त्यांना माहीत नाही.

आठ पानं गेली, पण कादंबरीला तिचा कणा मिळाला. तेव्हापासून मी कुठल्याही लांब कथानकासाठी संगणकावर तक्ता मांडल्याशिवाय दुसऱ्या प्रकरणाला हात लावत नाही. ही पद्धत जशी मी वापरते तशी इथे सांगते. उदाहरणं याच वाड्याच्या कादंबरीतली आहेत.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी

सुरुवात वहीतच करा. कोरा पडदा समोर असला की माणूस रकाने आखत बसतो आणि गोष्ट बाजूला राहते. वहीत एवढंच लिहायचं: गोष्ट कोणाची, त्याला काय हवंय, वाटेत काय आडवं येतं, आणि डोळ्यांसमोर आत्ता दिसणारे दहा-पंधरा प्रसंग, जसे सुचतील तसे. माझ्या वहीत पहिली ओळ होती: "वसंता म्हणतो कागद पुरात गेले, ते गेलेले नाहीत." वाड्याच्या वाटणीचे कागद, ते लपवणारा धाकटा मुलगा, आणि त्याला पाहिलेली थोरली वहिनी इंदू. सुरुवातीला एवढंच भांडवल होतं.

दुसरी तयारी लिपीची. सगळं लिखाण युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच वाचता येणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत. जुन्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवण्याच्या, फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर या सॉफ्टवेअरमध्ये नेला की वाचता न येणाऱ्या चिन्हांचा ढीग होतो, आणि शोधा-बदला तर चालतच नाही. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक, येत असेल तर उत्तम. नसेल तर विंडोजचा फोनेटिक कळफलक किंवा मोबाइलवरचा जीबोर्डही चालतो. कोणतंही नवं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी त्यात एक पान मराठी टंकून, शोधून, छापून बघा. जोडाक्षरं तुटतात का, कर्सर भलतीकडे उडी मारतो का, हे दहा मिनिटांत कळतं.

पहिली पायरी: प्रसंगपट्टी

गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क यांपैकी काहीही घ्या, दोन्ही फुकट आहेत. एक ओळ म्हणजे एक प्रसंग. प्रसंग म्हणजे एका जागी, एका सलग वेळात घडणारी आणि कोणाची तरी स्थिती बदलणारी गोष्ट. जागा बदलली किंवा मध्ये चार दिवस गेले की नवी ओळ.

रकाने मोजकेच ठेवा. माझे असे असतात: सांगण्याचा क्रम, घडण्याचा क्रम, तारीख, तिथी किंवा सण, जागा, कोणाच्या नजरेतून, कोण कोण हजर, काय घडतं, काय बदलतं, कोणाला काय नव्याने कळलं, आणि धागा. शेवटी एक रकाना "शंका" म्हणून. लिहिता लिहिता जे तपासायचं राहतं ते तिथे टाकायचं आणि पुढे जायचं.

एक ओळ प्रत्यक्ष दाखवते. सांगण्याचा क्रम ३१०, घडण्याचा क्रम ४०, तारीख १९६१-०७-११, ज्येष्ठ वद्य, वाड्याची माडी, रात्र. नजर: इंदू. हजर: इंदू, वसंता. काय घडतं: वसंता कागदांचा पत्र्याचा डबा उपरण्यात गुंडाळून जिना उतरतो, सावकाराकडे गहाण टाकायचा त्याचा बेत आहे. काय बदलतं: इंदू त्याला हाक मारत नाही, आणि या गप्प राहण्याचं ओझं पुढे जन्मभर तिच्यावर राहतं. नव्याने कळलं: डबा वाड्याबाहेर गेला हे इंदूला. शंका: माडीवर तेव्हा विजेचा दिवा होता की कंदील?

"काय बदलतं" हा रकाना रिकामा राहिला, तर तो प्रसंग बहुधा नुसता वर्णनासाठी जन्मलेला असतो. माझ्या पहिल्या तक्त्यात चौसष्ट ओळी होत्या आणि त्यातल्या अकरा ओळींचा हा रकाना कोरा होता. त्यांतले सात प्रसंग मी काढले. उरलेल्या चारांना दुसऱ्या प्रसंगात सामावून घेतलं.

तारखेबद्दल दोन गोष्टी जपा. देवनागरी आकडे टंकले तर शीट बहुतेक वेळा त्यांना आकडे मानत नाही, अक्षरं मानते. मग क्रमवारी आणि वजाबाकी दोन्ही फसतात. म्हणून तक्त्यातल्या क्रमाच्या आणि तारखेच्या रकान्यांत इंग्रजी आकडे वापरा, कादंबरीत हवे ते वापरा. आणि तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांना हे फारच गरजेचं आहे, कारण एक्सेल १९००च्या आधीच्या तारखांना तारीख म्हणून ओळखतच नाही. वर्ष आधी लिहिलं की नुसत्या मजकुराचीही क्रमवारी बरोबर लागते. पेशवाईतला पट असेल तर शकाचा वेगळा रकाना ठेवा. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी एकोणऐंशी मिळवावे लागतात. इथे चूक झाली की माणूस एक वर्ष आधीच मरतो.

दुसरी पायरी: दोन क्रम

गोष्ट घडते एका क्रमाने, आपण सांगतो दुसऱ्या क्रमाने. डोक्यात हे दोन्ही एकाच वेळी धरता येत नाहीत. तक्त्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला वाटतो तो इथे.

दोन्ही क्रमांना दहाच्या पटीत आकडे द्या: १०, २०, ३०. मध्ये नवा प्रसंग आला की त्याला २५ द्यायचं, पुढचे सगळे आकडे बदलायची गरज पडत नाही. मग डेटाच्या मेनूतून एकदा घडण्याच्या क्रमाने सॉर्ट करा आणि वरून खालपर्यंत सलग वाचा. आता फक्त कारण आणि परिणाम बघायचे: हे झालं म्हणून ते झालं का? दोन ओळींमध्ये "आणि मग" एवढाच दुवा सापडला, तर तिथे खूण करा. त्यानंतर सांगण्याच्या क्रमाने सॉर्ट करा आणि वाचक होऊन वाचा. आता प्रश्न वेगळा: या क्षणी मला काय माहीत आहे आणि काय जाणून घ्यायचंय?

डबा नेल्याचा प्रसंग घडण्यात चौथा आहे, पण सांगण्यात एकतिसावा. तोवरच्या प्रसंगांत वाचकाला इंदूचा अबोला विचित्र वाटत राहिला पाहिजे, पण तिचा राग येता कामा नये. हे गणित मी तक्त्यावरच सोडवलं. एकतिसावा प्रसंग आधी विसाव्या जागी होता. नुसता आकडा बदलून, पुन्हा सॉर्ट करून, पुन्हा वाचून बघायला पाच मिनिटं लागतात. तेच लिहून झाल्यावर केलं असतं तर दोन महिने गेले असते.

सॉर्ट करताना पूर्ण तक्ता निवडलाय याची खात्री करा. एकच रकाना निवडून सॉर्ट केलं तर ओळींची सरमिसळ होते आणि एकाचा प्रसंग दुसऱ्याच्या तारखेला जाऊन बसतो. लगेच अनडू करा. गूगल शीट्समध्ये जुन्या आवृत्त्या परत आणता येतात, तरी मोठा बदल करण्याआधी शीटची एक प्रत काढून ठेवलेली बरी.

तिसरी पायरी: वयं आणि पंचांग

दुसऱ्या पानावर, म्हणजे शीटच्या दुसऱ्या टॅबवर, पात्रांची यादी करा: नाव, जन्मवर्ष, मृत्यूचं वर्ष, लग्नाचं वर्ष. मग आडव्या ओळीत कादंबरीतली महत्त्वाची वर्षं लिहा आणि वर्षातून जन्मवर्ष वजा करणारं साधं सूत्र सगळ्या चौकटींत ओढून घ्या. गोदाबाईंचा जन्म १९०९चा, म्हणजे पुराच्या वेळी त्या बावन्न वर्षांच्या. मी त्यांना पहिल्या खर्ड्यात सरसकट "म्हातारी" म्हटलं होतं. बावन्न वर्षांची, पंढरीची वाट चालणारी बाई म्हातारी नाही. हा शब्द निघाला आणि त्यांच्या बोलण्यातला सूरच बदलला.

मराठी कादंबरीत काळ सणावारांनी चालतो. नागपंचमीला माहेरी आलेली मुलगी, पितृपक्षात अडलेला व्यवहार, दिवाळीच्या आधी देऊन टाकायची उधारी. म्हणून तिथीचा रकाना हा केवळ सजावटीचा नाही. जुन्या वर्षांची पंचांगं आता संकेतस्थळांवर मिळतात; वर्ष टाकलं की अधिक महिना होता का, एकादशी कधी होती, सगळं दिसतं. सध्याचं बघायचं तर २०२३मध्ये श्रावण अधिक होता. आषाढी होती २९ जूनला, आणि पुढच्या वर्षी ती थेट १७ जुलैला आली. एवढा फरक पडत असताना अंदाजाने लिहू नका.

शिवाय सार्वजनिक घटनांच्या ओळीही तक्त्यात घाला, वेगळ्या रंगात: ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, १९७२चा दुष्काळ, जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेला गिरणी संप, ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट, २६ जुलै २००५चा मुंबईचा पाऊस. यांतल्या सगळ्या घटना कादंबरीत यायलाच हव्यात असं नाही. पण १९८२ साली तुमचं पात्र लालबागमधल्या चाळीत राहत असेल आणि संपाचा शब्दही निघत नसेल, तर वाचकाला ते खटकणारच.

पिढ्या जास्त असतील, वेगवेगळ्या ठिकाणची आयुष्यं समांतर चालत असतील, तर एऑन टाइमलाइन हे खास कालरेषेचं सॉफ्टवेअर बघा. प्रत्येक घटनेच्या वेळी कोण किती वर्षांचं ते तेच दाखवतं. ते विकत घ्यावं लागतं, त्यामुळे आधी चाचणीची आवृत्ती वापरून ठरवा. पाच-सहा पात्रांसाठी साधी शीट पुरते.

चौथी पायरी: कोणाला काय ठाऊक

रहस्यकथा असो की कौटुंबिक कादंबरी, कथानक चालतं ते माहितीच्या असमान वाटपावर. तिसऱ्या टॅबवर उभे रकाने पात्रांचे करा आणि आडव्या ओळी गुपितांच्या. प्रत्येक चौकटीत त्या पात्राला ती गोष्ट कळते त्या प्रसंगाचा क्रमांक लिहा. घडण्याचा क्रमांक लिहायचा, सांगण्याचा नाही. एक रकाना वाचकाचा ठेवा; त्यात मात्र सांगण्याचा क्रमांक.

डबा गहाण आहे हे इंदूला ४०व्या क्रमांकाला अर्धवट कळतं, १५०ला पूर्ण. गोदाबाईंना कधीच कळत नाही. नात मीराला ५८०ला. आता लिहिलेल्या प्रकरणांवरून हात फिरवा. माझ्या खर्ड्यात १२०व्या प्रसंगात, पुरानंतर निसन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल छपराच्या घरांत, राहत असताना, इंदू सावकाराचं नाव घेऊन वसंताला टोमणा मारत होती. वाक्य झकास होतं, पण सावकाराचं नाव तिला तोवर माहीतच नव्हतं. दोन-तीन वेळा वाचूनही मला हे दिसलं नव्हतं. तक्त्यात ते लगेच दिसलं.

सगळं सोडलं तरी हा टॅब सोडू नका.

पाचवी पायरी: कोण कोणाला काय म्हणतं

हा तक्ता कुठल्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये मिळणार नाही, आपणच करायचा. डावीकडे बोलणारा, वर ऐकणारा, चौकटीत हाक आणि क्रियापद. वसंता इंदूला "वहिनी" म्हणतो, अहो-जाहो करतो. ती त्याला "भाऊजी" म्हणते. वसंता आईला "अगं आई" म्हणतो, पण वडिलांना "अहो". बिऱ्हाडकरू गोदाबाईंना "काकू" म्हणतात, मीरा "आजी". इंदू नवऱ्याचं नाव घेत नाही. "इकडून", "हे" असे शब्द येतात. मीराच्या पिढीत बायको नवऱ्याला सरळ नावाने हाक मारते.

चारशे पानांच्या लिखाणात दोन वर्षं जातात आणि तेवढ्यात आपल्याही नकळत एखादा दीर वहिनीला "तू" म्हणून जातो. जिथे हाक मुद्दाम बदलते, तो प्रसंग क्रमांकासह या चौकटीत नोंदवा. कागदांचं खरं बाहेर येतं त्या प्रसंगात इंदू पहिल्यांदा "भाऊजी" न म्हणता "वसंतराव" म्हणते. तिचा सगळा राग त्या एका हाकेत आहे, म्हणून त्याआधी ती हाक चुकूनही यायला नको. पात्राची बोलीही इथेच नोंदवा: वऱ्हाडी, मालवणी, पुणेरी, आणि त्याचे चार-पाच ठरलेले शब्द.

सहावी पायरी: धागे

"धागा" रकान्याला ठरावीक पर्यायांची ड्रॉपडाउन यादी लावा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने, म्हणजे चौकटीतल्या शब्दाप्रमाणे तिला आपोआप रंग देणाऱ्या सोयीने, प्रत्येक धाग्याला रंग द्या. मग खुर्ची मागे सरकवून नुसते रंग बघा. माझा हिरवा धागा, मीराचा, मध्ये सलग चौदा ओळी गायब होता. वाचक तिला विसरून गेला असता. फिल्टर लावून एकेका पात्राच्याच ओळी वाचल्या, की त्याची स्वतंत्र गोष्ट उभी राहते का हेही कळतं.

हेच काम प्लॉटर नावाचं सॉफ्टवेअर दिसायला जास्त देखणं करून देतं. त्यात धागे आणि प्रकरणं यांची जाळी मांडून कार्डं इकडून तिकडे ओढता येतात. ज्यांना तक्त्याचा कंटाळा येतो त्यांनी ते जरूर बघावं.

सातवी पायरी: तक्त्यातून लिखाणात

आता लिहायची जागा. एक प्रसंग, एक फाइल, हे सूत्र धरलं की पुढचं सोपं होतं. पूर्ण कादंबरी एकाच वर्ड फाइलमध्ये लिहू नका. प्रसंग हलवायचा म्हणजे कापा-चिकटवा करत दीडशे पानं वरखाली फिरावं लागतं.

स्क्रिव्हनर यासाठीच बनलं आहे. डावीकडे प्रसंगांची यादी, मध्ये लिखाण, आणि एका क्लिकवर कॉर्कबोर्ड, म्हणजे प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड. कार्ड हलवलं की आतला मजकूरही हलतो. तक्त्यातला "काय घडतं" रकाना कार्डाच्या सारांशात चिकटवा. दुरुस्तीला बसण्याआधी त्या प्रसंगाचा स्नॅपशॉट घ्या. जुना मजकूर तिथेच जपून राहतो, त्यामुळे निर्धास्तपणे कापता येतं. पैसे एकदाच भरायचे असतात आणि चाचणीचे तीस दिवस प्रत्यक्ष वापराचे मोजतात, कॅलेंडरचे नाही. अँड्रॉइडवर मात्र ते मिळत नाही.

फुकट हवं असेल तर विंडोजवर वायरायटर आहे. सायमन हेन्स या प्रोग्रामर-कादंबरीकाराने ते बनवलंय. प्रकरणं, प्रसंग, पात्रं, जागा, वस्तू सगळं नोंदवता येतं. दिसायला जुनाट आहे, पण कामाला चोख. मॅनुस्क्रिप्ट आणि बिबिस्को हेही बघण्यासारखे पर्याय.

मी स्वतः ऑब्सिडियनवर आले. त्यात प्रत्येक टिपण साध्या मजकुराची फाइल असते, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी लिखाण कुठल्याही संगणकावर उघडेल. प्रसंगात दुहेरी चौकटी कंसात "गोदाबाई" लिहिलं की तिच्या टिपणाशी दुवा जुळतो, आणि तिच्या टिपणात ती कुठे कुठे आली त्याची यादी आपोआप दिसते. मराठी नावांना प्रत्यय लागतात ही इथली अडचण: "गोदाबाईंनी", "गोदाबाईंच्या". दुव्यात मूळ नाव ठेवून उभी रेघ द्यायची आणि पुढे दिसायला हवं ते रूप लिहायचं. हे दर वेळी करत बसू नका, प्रसंगात पहिल्यांदा नाव येतं तिथे केलं तरी पुरे.

आठवी पायरी: उलटा तक्ता

पहिला खर्डा झाला की तक्ता बाजूला ठेवा, आणि लिहिलेल्या कादंबरीवरून नवा तक्ता करा. जुन्यात काय ठरवलं होतं ते बघायचं नाही, प्रत्यक्षात काय उतरलंय तेवढंच. मग दोन्ही शेजारी ठेवा. जिथे लिखाण ठरवल्यापेक्षा वेगळं गेलंय, तिथे दहापैकी आठ वेळा लिखाणाचं ऐकावं असं माझं मत आहे. पात्राने वाट बदलली असेल तर तक्ता बदला.

नवव्या पायरीला, प्रती आणि फॉन्ट

एकदा लॅपटॉपची डिस्क गेली आणि माझी तीन आठवड्यांची दुरुस्ती गेली. तेव्हापासून तीन जागा ठरलेल्या आहेत: लॅपटॉप, बाहेरची हार्डडिस्क, क्लाउड. दर रविवारी पूर्ण फोल्डर झिप करून नावात तारीख घालते. "अंतिम", "अंतिम२" अशी नावं देऊ नका, कुठलं खरं अंतिम ते महिन्याभराने आपल्यालाच कळत नाही. स्क्रिव्हनरचा प्रकल्प म्हणजे आत अनेक फायलींचं फोल्डर असतं. तो एकाच वेळी दोन संगणकांवर उघडा ठेवला तर मजकूर बिघडू शकतो. एकीकडे बंद करा, सिंक पूर्ण होऊ द्या, मग दुसरीकडे उघडा.

प्रकाशकाला देताना सगळे प्रसंग जोडून एक वर्ड फाइल काढा. पुढे छपाईसाठी मजकूर डीटीपीच्या फॉन्टमध्ये रूपांतरित होणार असेल, तर पहिल्या मुद्रितात आधी अर्धा र बघा: वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड, बिऱ्हाड. त्यानंतर ॲ आणि ऑ, मग "क्ष" आणि "ज्ञ"ची जोडाक्षरं. माझ्या कादंबरीत "बिऱ्हाड" शब्द दोनशेहून जास्त वेळा येतो आणि रूपांतरात त्यातला प्रत्येक मोडला होता. सुदैवाने सगळे एकाच प्रकारे मोडले होते, म्हणून शोधा-बदलाने एका फटक्यात दुरुस्त झाले.

तपासायच्या शब्दांची ही यादीही त्याच शीटमध्ये, शेवटच्या टॅबवर ठेवली आहे.